चार बोटे माती

माघ सरत आला की सातमाळा आणि अजिंठा या डोंगररांगांवरील गवत आधी पिवळे आणि मग पांढुरके होते. साग आणि सालई पाने टाकतात, पळसाच्या निष्पर्ण फांद्या केशरी होतात, आणि कन्नड तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाची नजर, तो कापसाच्या पऱ्हाट्या उपटीत असो की गुरे पाण्यावर नेत असो, अधूनमधून डोंगरमाथ्याकडे वळू लागते. तेथे धूर दिसतो की काय, एवढेच त्याला पाहायचे असते. १९८६ साली घोषित झालेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य हे छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलेले शुष्क पानझडीचे अरण्य आहे. सरकारी दप्तरात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा लिहिलेला असतो, आणि या चार महिन्यांत साचलेला पाचोळा व गुडघ्याएवढे वाळके गवत यांना पेट घेण्यास विडीचे एक थोटूक पुरते.

या अरण्याविषयी मला ममत्व वाटते ते केवळ पितळखोऱ्याच्या लेण्यांमुळे नव्हे. २०२१ सालच्या मार्च महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटरांची पायपीट करून आलेला एक वाघ येथील कॅमेऱ्यात उमटला. ज्या डोंगरांना आपण उजाड समजून मनातून सोडून दिले होते, ते त्या जनावराने राहण्याजोगे ठरविले, आणि तेव्हापासून येथे धूर दिसला की मला तो दुसऱ्याच्या मुलुखातला वाटेनासा झाला.

हिवरखेड्याच्या बाजूने जाताना एका टेकडीच्या पायथ्याशी मला एक पट्टा दिसला. त्याच्या वरचा सारा उतार कोळशासारखा काळा होता, खाली गवत पिवळेधमक उभे होते, गवताला लागून कुणाची तरी कडब्याची गंजी सुरक्षित होती. आणि या काळ्या-पिवळ्याच्या मधोमध, टेकडीच्या वळणाप्रमाणे वळत गेलेली, उघड्या मातीची ती सीमा इतकी स्वच्छ होती की ती आपोआप पडली असेल असे कोणी म्हटले नसते. चहाच्या टपरीवर विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "ते मशीननं अडवलं." मशीन म्हणजे जेसीबी. गावात विहिरीचा गाळ काढणारे, शेततळे खणणारे, वरातीपुढे रस्ता मोकळा करणारेही तेच यंत्र. ते चालविणाऱ्याची गाठ घ्यावी असे वाटले आणि मी तेथेच थांबलो.

ऑपरेटरभाऊ पंचेचाळिशीचे, अंगाने सडपातळ, बोलण्यात अतिशय मोजके. यंत्र मालकाचे, हे रोजावर. तारुण्यात रस्त्याच्या कामावर चेनचा डोझर चालवीत, आता या पिवळ्या यंत्रावर आहेत. वनखात्यासाठी गुरे अडविण्याचे चर खणण्याच्या कामावर ते प्रथम या हद्दीत आले, आणि एका संध्याकाळी आग खाली येऊ लागली तेव्हा वनरक्षकाने धावत येऊन विनवले म्हणून त्यांनी चराचे काम सोडून यंत्र गवतात घातले. तेव्हापासून शिरस्ताच पडून गेला. डोंगरावर आग दिसली की त्यांचा फोन वाजतो.

यात एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. गौताळ्यातील वणवा यंत्राने विझत नाही. तो माणसांनी विझतो. हिवाळ्यात मजूर आग अडविण्यासाठी आखलेल्या जाळरेषेतील गवत कापतात, झाडून मधोमध ओढतात आणि देखरेखीखाली जाळून टाकतात. उन्हाळ्यात आग लागली की हिरव्या फांद्यांनी ती झोडपली जाते, पाठीवरच्या ब्लोअरने पाचोळा मागे सारला जातो. बेसाल्टाचे कडे, सुटे दगड आणि उभे उतार यांवर चाकाचे यंत्र चढूच शकत नाही, आणि अभयारण्याच्या आत यंत्र नेणे ही वरिष्ठांच्या परवानगीची बाब आहे. ऑपरेटरभाऊंचे राज्य आहे ते पायथ्याच्या अरुंद सपाटीवर, जेथे जंगल संपते आणि गायरान व शेते सुरू होतात. परंतु आग जेव्हा उतरून माणसांच्या वस्तीकडे येते तेव्हा ती याच सपाटीवर येते, आणि तेथे फांदी घेऊन उभ्या असलेल्या दहा माणसांना जे रात्रभरात साधत नाही, ते यंत्र घटकाभरात साधून जाते.

चैत्रातल्या एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर जाण्याचा योग आला. वनरक्षकाच्या मोबाइलवर देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा संदेश आला होता. उपग्रहावरील यंत्राला आग दिसली की तिचे अक्षांश-रेखांश अशा रीतीने वनरक्षकाच्या बीटापर्यंत पोहोचतात. उपग्रहाच्या डोळ्यातला एक ठिपका ३७५ मीटर रुंदीचा असतो. तेवढ्या ठिपक्यात नेमकी आग कोणत्या घळीत आहे, वारा कोणीकडचा आहे आणि खाली कुणाचे खळे आहे, हे मात्र त्या वनरक्षकालाच ठाऊक असते. गावातील माणसेही येऊन मिळाली होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ७९ व्या कलमान्वये जंगलात चराईचा वा वनोपजाचा हक्क असणाऱ्याने आगीची वर्दी देणे आणि ती विझविण्यास हातभार लावणे बंधनकारक आहे. पण फांदी तोडून धावत आलेल्या त्या पोरांपैकी कोणी ते कलम ऐकले असेल असे मला वाटत नाही. त्यांची गुरे उद्या याच गवतावर जगायची होती.

ऑपरेटरभाऊ आगीच्या तोंडासमोर गेले नाहीत. त्यांनी काम सुरू केले ते गाडीवाटेपासून, कारण वाटेवर गवत नसते आणि तेथून आगीला वळसा घालून पाठीमागे येता येत नाही; आणि काम संपवायचे होते ते कोरड्या नाल्याच्या दगडगोट्यांत. वाट आणि नाला यांच्यामधली पोकळी उघड्या मातीने जोडायची, एवढाच बेत. आग चढावर धावते आणि उतारावर रेंगाळते. ही उतरती आग होती, म्हणून वेळ होता. "उतरती आग गरीब असती," ते म्हणाले, "पन तिची गोवरी वाईट." गोवरीचा अर्थ थोड्याच वेळात उमगला. वाळलेले शेण आत पेटून राहते, वरून विझलेले दिसते. वरच्या उतारावरून असे एखादे शेण किंवा पेटलेला ओंडका गडगडत येतो, पट्टा ओलांडतो आणि पलीकडच्या गवतात नवी आग लावून जातो. म्हणून पट्ट्याच्या खालच्या अंगाला पोरे अंतराअंतराने उभी केली होती.

केबिनच्या काचा बंद करून त्यांनी पुढची बकेट जमिनीला टेकविली. वनरक्षक हातात बॅटरी घेऊन यंत्रापुढे चालत होता, दगड दिसला की हात वर करीत होता. मला त्या रात्रीचे जे पुनःपुन्हा आठवते ते ज्वाळांचे दृश्य नव्हे, तर बकेटीच्या धारेचा आवाज. आधी गवताची मुळे तुटताना एक बारीक, सलग चरचर येई. ती चरचर मधूनच घोगरी झाली की ऑपरेटरभाऊंचा हात लेव्हरवर किंचित हले आणि आवाज पूर्ववत होई. धुरात त्यांना जमीन दिसत नव्हती. ते ऐकून चालले होते.

मागाहून मी त्याविषयी विचारले तेव्हा त्यांनी पाच बोटांतला अंगठा मिटून हात आडवा धरून दाखविला. "वर चार बोटं माती हाये, साहेब. खाली मुरूम, मुरमाखाली काळा दगड. चरचर हाये तवर आपन मुळात हाव. घोगरं झालं का मुरमाला लागलो. गवत काढायचं, माती ठिवायची. दुधावरची साय काढत्यात तसं." बुलडोझरचे नाव घेताच पाडणे, उखडणे, भुईसपाट करणे याच क्रिया आपल्या मनात येतात, आणि हा मनुष्य आपले सारे कौशल्य किती कमी उचलावे यात ओतीत होता. आग थांबायला माती उघडी पडली पाहिजे, गवताचे एक मूळही धुमसत राहता कामा नये. आणि डोंगर जगायला तीच चार बोटे माती जागेवर राहिली पाहिजे. या दोन अटींमधले अंतर बकेटीच्या कोनातल्या एका किंचित फरकाएवढे आहे, आणि ते अंधारात राखायचे आहे.

आग पट्ट्यापर्यंत आली तेव्हा वाऱ्याबरोबर एक वास आला, देवघरातल्या धुपाचा. सालईच्या बुंध्यातून डिंक पाझरतो, तोच पेटला होता; धुपात घालतात तोच हा डिंक. जळणाऱ्या अरण्याला पूजेचा सुगंध यावा हे मला त्या क्षणी असह्य झाले. ऑपरेटरभाऊंच्या केबिनमध्ये मात्र तापलेल्या हायड्रोलिक तेलाचाच वास भरला होता, आणि त्यांचे डोळे सुजले होते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हेच काम एक स्वतंत्र पेशा आहे. तेथील राज्य अग्निशमन खात्याच्या सेवेत पोलादी पिंजऱ्याची केबिन, ज्वालारोधक पडदे आणि यंत्र वाहून नेणारा खास ट्रक यांसह डोझरचालक असतात. तेथेही ज्वाळांच्या जोडीने यंत्राला मोठे भय असते ते उताराचे: २०१६ सालच्या सोबेरानेस वणव्यात आणि २०१८ सालच्या फर्ग्युसन वणव्यात प्रत्येकी एक चालक डोझर उलटून मृत्युमुखी पडला. ही हकिकत मी सांगितली तेव्हा ऑपरेटरभाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "रात्रीचं का दिवसा?" यंत्र कोठे कलते हे रात्री कळत नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ होता. त्यांच्या केबिनला पडदे नाहीत. मालकाने घेतलेल्या विम्यात वणव्याचे काम बसते की नाही, हेही त्यांना कोणी सांगितलेले नाही. ज्या कामासाठी परक्या देशात माणसाला गणवेश, प्रशिक्षण आणि निवृत्तिवेतन मिळते, ते काम आपल्याकडे तासाच्या भाड्यावर उरकले जाते, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

कॅलिफोर्नियातील आणखी एक चाल मला येथे महत्त्वाची वाटते. आग विझली की तेथे यंत्रे पुन्हा त्याच पट्ट्यावर परत जातात. कडेला लोटलेली माती व झाडोरा मागे ओढतात, उतारावर तिरकस आडवे बांध घालतात, जेणेकरून पावसाचे पाणी पट्ट्यातून धावू नये. विझविण्याच्या कामाचाच तो भाग मानला जातो. आपल्याकडे आग विझताच यंत्राचे तास थांबतात. ऑपरेटरभाऊंनी मला टेकडीच्या मागील अंगाला नेऊन दुसऱ्या एका यंत्राने, दुसऱ्याच कोणी, पूर्वी कधी मारलेला एक पट्टा दाखविला. तो उतारावर सरळ वरून खाली आणला होता. आग त्याने निश्चितच अडविली असेल. पण मृगाच्या पावसाला तो तयार ओहोळ मिळाला, आणि आता तेथे कमरेएवढी घळ आहे, तळाशी उघडा काळा पाषाण आहे आणि दोन्ही काठांना अंजनाची मुळे हवेत लोंबत आहेत. "हितं चार बोटं व्हती," ते म्हणाले. डोंगरउतारावर एवढी माती साठायला माणसाच्या कित्येक पिढ्या जातात. जळालेले गवत पहिल्या पावसानंतर उगवते. वाहून गेलेली माती आपल्या हयातीत परत येत नाही. गुराख्याने नव्या चाऱ्याच्या आशेने लावलेली काडी आपण गुन्हा मानतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे ३० वे कलम अभयारण्यात आग लावण्यास स्पष्ट मनाई करते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या आगीला अडविण्यासाठी आपणच पाडलेली जखम उघडी सोडून देण्याला मात्र कोणत्याही दप्तरात नाव नाही.

म्हणून ऑपरेटरभाऊ पट्टा शक्यतो टेकडीच्या समपातळीत, उताराला आडवा मारतात; जेथे उतरावेच लागते तेथे मध्ये मध्ये माती उचलून उंचवटे ठेवतात. आणि जमले तर, चराच्या कामावरून परतताना, वाट वाकडी करून पट्ट्यावर येतात व बकेट उलटी फिरवून कडेची माती मागे ओढतात. त्याला डिझेल लागते आणि वेळ लागतो, आणि यंत्रातला तास मोजणारा काटा मालकाच्या हिशेबात चालतच असतो. वनरक्षकाने या परतीच्या कामासाठी दोन तासांचे भाडे धरावे अशी सूचना वरिष्ठांकडे लिहून पाठविली आहे. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.

मी निघालो तेव्हा ते एका शेतकऱ्याच्या शेततळ्याच्या कामावर होते. यंत्र थांबवून खाली उतरले आणि म्हणाले, "लिहिनार असाल तर एवढं लिहा, का मशीन बोलावतानाच परतीचे दोन तास धरून बोलवा. मृग निघायच्या आत." शेतकरी बांधावरून हाक मारीत होता. तळ्याचा एक कोपरा अजून खणायचा होता आणि डिझेल अर्ध्याहून खाली आले होते.