तीन तासांचं लग्न आणि एक डीव्हीडी

“अगं, ह्यात आईचा चेहराच दिसत नाही!”

सासूबाई खुर्चीवरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या होत्या. पडद्यावर १९८८ सालचं त्यांचं स्वतःचं लग्न चाललं होतं. मंगलाष्टकं संपली, अक्षता उडाल्या आणि नेमक्या त्याच क्षणी मांडवातल्या सगळ्या माणसांचे चौकोनी तुकडे झाले. नवरीच्या मागे उभी असलेली त्यांची आई म्हणजे नुसते चार-सहा फिकट ठोकळे!

त्यांच्या आईचं हे एवढंच हलतंबोलतं चित्र उरलं आहे. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात आमच्या तळमजल्यावरच्या कपाटाबरोबर लग्नाचा अल्बमही गेला. व्हिडिओ कॅसेट तेवढी पुण्याला मामेसासऱ्यांकडे होती, म्हणून वाचली. तिची डीव्हीडी करून आणली, तर तिची ही कथा.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आता डीव्हीडी कोण बघतं? पेनड्राइव्ह नाही का? आहे ना. पण पेनड्राइव्हवरचं सगळं पुसून त्यावर सिनेमे भरून नेणारी भाचेमंडळीही घरोघरी आहेत. डीव्हीडी-आर एकदा भरली की ती पुसता येत नाही. शिवाय सासूबाईंना त्यांचा जुना प्लेअर आणि त्याचा रिमोट पाठ आहे. मोबाइल पुढे केला की त्या चष्मा शोधतात आणि मग विषयच बदलतात.

ज्या दुकानातून डीव्हीडी करून घेतली, तिथे तक्रार केली, तर मालक म्हणाले, “तीन तास एका डीव्हीडीत बसवायचे म्हणजे वहिनी, क्लॅरिटी जाणारच.” मला ते पटलंही होतं. पण घरी येऊन डीव्हीडी उलटी धरली, तर चकचकीत बाजूला दोन छटांची वर्तुळं दिसली. आतलं वेगळं, बाहेरचं वेगळं. संगणकात घालून पाहिलं, तर जेमतेम अडीच जीबी भरलेली. म्हणजे जवळजवळ अर्धी डीव्हीडी कोरीच! रेकॉर्डरवर सहा तासांची कळ दाबून ठेवली होती आणि तीच आमच्या तीन तासांच्या लग्नाला लावून टाकली होती. पातेलं मोठं, पीठ भरपूर, आणि घावन मात्र कागदासारखं!

मग मी वही-पेन्सिल घेऊन बसले. मुलांना भागाकार शिकवते, तो एकदा स्वतःच्या कामी आला. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. (संगणक ४.३७ दाखवतो. त्याची मोजायची रीत निराळी, माल तेवढाच.) म्हणजे ३७,६०० मेगाबिट. तीन तासांचे सेकंद १०,८००. भागाकार केला की दर सेकंदाला साधारण साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात. ह्यालाच बिटरेट म्हणतात. दोन तासांचं चित्रण असेल तर सव्वापाच येतात, एका तासाचं असेल तर डीव्हीडीला पेलवणार नाहीत इतके. आणि सहा तासांच्या कळीला? पावणेदोन! आमच्या लग्नाला दुकानदारांनी हेच पावणेदोन वाढले होते.

साडेतीनमध्ये चांगलं चित्र बसतं का? बसतं, पण उधळपट्टी चालत नाही. पहिली उधळपट्टी आवाजाची. आवाज कच्चा, म्हणजे पीसीएम पद्धतीने ठेवला, तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो आणि चित्राला दोनच उरतात. तोच आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये १९२ किलोबिटवर ठेवला, तर चित्राला सव्वातीन मिळतात. ब्राह्मणाचे मंत्र आणि बँडवाल्यांची सिनेमातली गाणी, दोन्ही तितकीच ऐकू येतात.

दुसरी उधळपट्टी ध्यानात यायला मला वेळ लागला. डीव्हीडीचं पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. पण व्हीएचएस कॅसेटमध्ये आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांएवढाच तपशील असतो. जे मुळात नाहीच, त्यासाठी जागा कशाला अडवायची? डीव्हीडीच्या नियमांतच ३५२ बाय ५७६ असं अर्ध्या रुंदीचं चित्र बसतं. टीव्हीवर ते ताणून पूर्ण पडदाभर दिसतं. ठिपके निम्मे झाले, की प्रत्येक ठिपक्याला दुप्पट वाटा मिळतो. कॅसेटवरून करायचं असेल तर हे जरूर सांगा. हल्लीच्या चांगल्या कॅमेऱ्यातल्या चित्रणाला मात्र ही युक्ती लावू नका, तिथे खरोखरच नुकसान होईल.

आता अक्षतांचं. डीव्हीडीची पद्धत अशी, की एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जे बदललं तेवढंच बहुतेक लिहून ठेवायचं. पंगतीत माणसं शांत बसलेली असली की फारसं लिहावं लागत नाही. अक्षता उडाल्या की पडद्याचा कण न् कण बदलतो आणि बिचाऱ्या डीव्हीडीचे हात अपुरे पडतात. म्हणून चेहऱ्यांचे ठोकळे होतात. रोज सारखेच पैसे खर्च केले तर दिवाळीला ओढाताण होते, त्यातलाच प्रकार. त्यावर उपाय म्हणजे बदलता बिटरेट आणि दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत संगणक सगळं लग्न नुसतं बघून घेतो. दुसऱ्या फेरीत पंगतीतून वाचवलेलं अक्षतांना देतो. वेळ दुप्पट लागतो, म्हणून दुकानात हे आपणहोऊन कोणी करत नाही.

कॅसेटवरची मुंग्यांसारखी वळवळही अशीच जागा खाते, कारण तीसुद्धा सतत बदलत असते. ती हलकेच कमी करायला सांगावी. फार पुसली तर माणसं मेणाची दिसतात. चित्राच्या तळाशी थरथरणारी रेघ असते, तिच्यावर काळी पट्टी टाकावी.

पहिल्या डीव्हीडीवरून दुसरी चांगली करता येत नाही, एकदा गेलेलं परत येत नाही. त्यामुळे कॅसेट पुन्हा चालवावी लागली. आपल्याकडे दमट हवेत कॅसेटला पांढरी बुरशी धरते. ती साफ केल्याशिवाय यंत्रात घालू देऊ नका, फीत आणि यंत्र दोन्ही जातात. आणि हे काम लांबणीवर टाकू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये ते बनवणं बंद केलं आहे. आहेत ती यंत्रं जुनीच. ह्या वेळी दुसऱ्या दुकानातून मूळ फाइलच हार्डडिस्कवर मागून घेतली. डीव्ही पद्धतीत तासाला साधारण १३ जीबी, म्हणजे एकूण चाळीसच्या आसपास झाली. ती तशीच जपून ठेवली आहे. पुढची डीव्हीडी घरी भाच्याने केली, डीव्हीडीस्टायलर नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर. हाच तो पेनड्राइव्हवाला भाचा!

काटछाटीवरून मात्र घरात वाद झाला. हे म्हणाले, पंगत काढून टाका, अर्धा तास वाचेल. सासूबाई म्हणाल्या, “पंगतीतली निम्मी माणसं आता नाहीत.” पंगत राहिली. शेवटची बारा मिनिटं नुसता निळा पडदा होता, तो गेला. चार तासांच्या वर चित्रण असेल तर मात्र हट्ट करू नये, सरळ दोन डीव्हीडी कराव्यात. दोन थरांची ८.५ जीबीची डीव्हीडी मिळते, पण ती महाग पडते आणि काही जुन्या प्लेअरमध्ये अडखळते.

डीव्हीडी अगदी काठोकाठ भरली नाही. बाहेरच्या कडेलाच बोटं लागतात आणि चित्र तिथेच आधी अडकतं. कोरताना वेगही कमी ठेवला. नाव बॉलपेनने न लिहिता मऊ मार्करने लिहिलं आणि शेवटपर्यंत सासूबाईंच्याच प्लेअरवर चालवून पाहिली.

प्रसंगांप्रमाणे भाग पाडले, त्याला वेगळी जागा लागत नाही. अक्षता चौथ्या भागात आहेत. आता अक्षता उडतात तेव्हा किंचित धूसर होतं खरं, पण नवरीच्या मागची नऊवारीतली बाई ओळखू येते, डोळे पुसते तेसुद्धा दिसतं. दुपारची जेवणं झाली की सासूबाई रिमोटवर चार दाबतात. पुण्याच्या मामांसाठी दुसरी प्रत अजून करायची आहे.