वाटसरू वाघ

केळापूर हे नाव तालुक्याचे. पण तहसील कचेरी, बाजार, एस.टी. स्टँड सारे पांढरकवड्याला. केळापुरात आहे ती जगदंबा. नवरात्रात तिच्या दर्शनाला दूरदूरची माणसे येतात. शेजारून नागपूर-हैदराबाद महामार्ग रात्रंदिवस वाहत असतो. ट्रकवाल्यांना कल्पनाही नसते, की पलीकडच्या सागवानी जंगलातून निघालेल्या एका वाघाने त्यांच्यापेक्षा अवघड प्रवास केला, तोही पायी आणि बहुतेक अंधारात.

हे जंगल म्हणजे टिपेश्वर अभयारण्य. १९९७ साली ते जाहीर झाले. क्षेत्रफळ १४८ चौरस किलोमीटर. आकडा मोठा वाटतो; पण त्याचा चौकोन केला, तर एक बाजू जेमतेम १२ किलोमीटरची होते. भोवती पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि गावे. वाघांच्या दृष्टीने हे एक छोटे बेटच.

काही वर्षांपूर्वी या भागात एका म्हाताऱ्या कास्तकाराच्या वावरात बसलो होतो. रानडुकरांच्या भीतीने ते रात्री मचाणावर जागलीला जातात. मी विचारले, "काका, वाघ कधी दिसला का?" ते हसले. "दिसला असता त सांगाले राह्यलो असतो का, भाऊ? पण गेला माह्या वावरातून. सकाळी पाह्यलं, त नाल्याच्या रेतीत हा एवढा पंजा! रातभर मी मचाणावर, अन् मले मालूमच नाई. कुत्रंबी भुकलं नाई."

तेव्हा मला ही जरा रंगवलेली गोष्ट वाटली. पुढे 'वॉकर'ची हकिकत वाचली आणि काकांची मनोमन माफी मागितली.

गळ्यात पट्टा, पायात भिंगरी

टिपेश्वरच्या एका वाघिणीला तीन बछडे झाले. त्यांतल्या एका तरुण नराच्या गळ्यात डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर घातली. वाघ कुठे आहे, ते ठरावीक वेळाने उपग्रहामार्फत कळवणारा हा पट्टा. शास्त्रीय नोंदीत त्याचे नाव 'टी-१ सी-१'. पुढे त्याच्या पायपिटीमुळे 'वॉकर' हे नाव पडले.

जून २०१९ मध्ये, ऐन मृगाच्या दिवसांत, त्याने घर सोडले. तेलंगणातल्या आदिलाबादकडे गेला, पैनगंगेच्या जंगलात हिंडला, मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात उतरला आणि डिसेंबरच्या आरंभी थेट बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सरळ रेषेत हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आतले. पण तो चालला होता १३०० किलोमीटरहून अधिक! कारण तो बुलढाण्याला निघालाच नव्हता. तो जागा शोधत होता. एक नाला धरायचा, जमले नाही तर मागे फिरायचे, दुसरा धरायचा. पुढची भटकंती धरून नऊ महिन्यांत त्याची चाल ३००० किलोमीटरवर गेली. म्हणजे दिवसाला सरासरी ११ किलोमीटर. टिपेश्वरचा तो चौकोन जवळजवळ रोज एकदा ओलांडावा, तसे.

वाघाला असे घर का सोडावे लागते? बछडी साधारण दोन वर्षांची होईपर्यंत आईबरोबर असतात. मग मुली बहुधा आईच्या शेजारी हद्द मांडतात. मुलग्यांना मात्र दूर जावे लागते. थोरला नर आपल्या राज्यात दुसऱ्याला खपवून घेत नाही. शिवाय नर दूर गेले, की जवळच्या नात्यात पैदास होत नाही, वंश निकोप राहतो. आपल्याकडे लेक सासरी जाते. वाघांत मुलगा परदेशी जातो, एवढाच फरक!

पण सगळे मुलगे सारखे नसतात. वॉकरच्या एका भावालाही त्याच सुमारास कॉलर घातली होती. तोही तेलंगणात साडेचारशे किलोमीटर भटकला आणि चक्क टिपेश्वरला परत आला. एकाच आईच्या पोटचे दोघे. एक पाय लावून पळाला, दुसऱ्याला घराने ओढून आणले.

भीतीच्या शेजारी

हे सारे कोणत्या काळात घडले, तेही आठवले पाहिजे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री याच पांढरकवडा वनविभागात, राळेगाव तालुक्यात, 'अवनी' वाघिणीला गोळी घातली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. शोधाच्या त्या महिन्यांत परदेशी अत्तराच्या वासाने तिला बोलावण्याची युक्तीही योजली होती. कारण त्या अत्तराचा वास मोठ्या मांजरांना ओढून घेतो, असा अनुभव आहे. बाहेरच्या जगाला या बातमीची गंमत वाटली. इथे मात्र बाया कापूस वेचायला एकट्या जाईनात. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला वाघाचे कौतुक सांगायला आपली जीभ कशी वळावी?

त्यानंतर चार महिन्यांच्या आत वॉकरला कॉलर लागली आणि वर्षाच्या आत तो शेकडो शिवारांतून गेला. दिवसा झाडोऱ्यात, नाल्याच्या थंडाव्यात पडून राहायचे आणि रात्री चालायचे. पोटासाठी रानडुक्कर, कधी गाय-गोऱ्हा. ज्यांची जनावरे गेली, त्यांचे नुकसान खरेच. पण माणसावर चालून जाण्याचा त्याचा स्वभाव दिसला नाही. हिंगोली जिल्ह्यात तो विसावला होता त्या झुडपात काही माणसे शिरली, तेव्हा एकजण जखमी झाला. पाच हजारांवर नोंदी देणाऱ्या त्या प्रवासात माणसाला इजा झाल्याचा हा एक प्रसंग. इतक्या माणसांतून इतके चुकवून चालणे हेच मला त्याच्या अंतरापेक्षा मोठे आश्चर्य वाटते.

एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली आणि त्याचे रोजचे निरोप थांबले. ज्ञानगंगेत त्याला खाणे होते, पाणी होते, वाघीण नव्हती. एवढे चालून राज्य मिळाले, पण संसार नाही.

टिपेश्वरची पोरे मात्र थांबलेली नाहीत. मार्च २०२१ मध्ये इथला एक वाघ गौताळा औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यात येडशीला वाघ दिसला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले, तर तोही टिपेश्वरचाच! आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे वाघाचे पट्टे. एकाचे दुसऱ्याला येत नाहीत.

या वाटसरूंना आपल्याकडून फार काही नको असते. नाल्याकाठची झाडे राहू द्यावीत, तारेच्या कुंपणात जीवघेणी वीज सोडू नये आणि रस्त्याखालून मोकळी वाट ठेवावी. पेंचच्या जंगलात याच महामार्गाखाली अशा वाटा केल्या आहेत आणि वाघ त्यांतून जातात, हे कॅमेऱ्यांनी दाखवले आहे. मात्र ज्याची गाय गेली, त्याला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. वाघाचे भाडे एकट्या कास्तकाराने का भरायचे?

निघताना काकांना मी विचारले होते, "तो पंजा पाहून भीती नाही वाटली?"

"वाटली ना, बाप्पा! पण मंग इचार केला, तो त्याच्या रस्त्यानं गेला, मी माह्या मचाणावर होतो. कोणाचं काई बिघडलं नाई."

महामार्गावर आलो, तेव्हा अंधार पडला होता. ट्रकांच्या उजेडात दोन्ही बाजूंची पऱ्हाटी क्षणभर दिसे आणि नाहीशी होई. त्या काळोखातून त्याच वेळी आणखी कोणी चालत असेल का, असे मनात आले आणि मी गाडी जरा सावकाश घेतली.