नवा सर्व्हर घेण्यापूर्वी

लहान संस्थेने सर्व्हर बदलावयाचे ठरविले, की चर्चा किमतीपासून सुरू होते. आमच्या मते ती नोंदींपासून सुरू व्हावी. यंत्र पुन्हा विकत मिळते. वर्षानुवर्षांचे हिशेब मिळत नाहीत. 'विंडोज सर्व्हर २०१२'ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. असे यंत्र बदलावयास हवे, हे खरेच. पण आधी नोंदींच्या तीन प्रती कराव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक इमारतीबाहेर ठेवावी. सर्व्हरमधील जोड-डिस्क एक डिस्क बिघडल्यास तारते. चुकून पुसलेली नोंद मात्र दोहींवरून एकदमच जाते. मग केबलची आखणी करावी. तांब्याची केबल स्विचपासून संगणकापर्यंत १०० मीटरांपुढे नेऊ नये. शेवटी, ठेवलेली प्रत नव्या यंत्रावर उतरवून, उघडून पाहिल्यावाचून आपण जुने यंत्र काढू नये.