डॉक्टर होण्याच्या वाटा – भाग ६ : एकच नाव, दोन शाळा

मागच्या आठवड्यात आपण अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची ओळख करून घेतली. २०२१च्या प्रवेशांपासून सुरू झालेलं, शंभर जागांचं, जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं. आजची वाट दूर अमेरिकेतली आहे, पण तिच्याविषयी लिहायला बसलो आणि मन पुन्हा अलिबागलाच आलं.

टपाल खात्यात नोकरी करणारे गोपाळराव जोशी लग्नानंतर बदली होऊन अलिबागला आले, तेव्हा त्यांच्या पत्नी आनंदीबाई लहान मुलगीच होत्या. लग्न १८७४चं. त्याच वर्षी तिकडे अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी आपली नवी उपचारपद्धती जाहीर केली : ऑस्टिओपथी. दहा वर्षांपूर्वी मेंदूज्वरानं त्यांची तीन मुलं गेली होती. हातात औषधं असूनही काही करता आलं नाही, हे दुःख त्यांना स्वस्थ बसू देईना. इकडे आनंदीबाईंचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे त्यांनी फिलाडेल्फियाला जाऊन १८८६मध्ये एमडी पदवी घेतली. स्टिल यांनी १८९२मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावात शाळा काढली आणि पहिल्याच वर्गात मुलींना घेतलं. ते पाहायला आनंदीबाई नव्हत्या; १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचं निधन झालं होतं.

हाडं आणि स्नायू जागच्या जागी असले की रक्त नीट खेळतं आणि शरीर स्वतःला बरं करतं, असा स्टिल यांचा विश्वास होता. सगळ्या रोगांचं मूळ तिथं शोधणं चूकच होतं. पण त्या काळी पारा आणि अफू सर्रास दिली जाई, हे ध्यानात घेतलं तर औषधांवरचा त्यांचा राग समजतो.

आज त्या शाळेच्या वंशातली महाविद्यालयं 'डीओ' (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) पदवी देतात. अमेरिकेत वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांत एकाहून थोडे जास्त याच महाविद्यालयांत असतात. आधी पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षं : साधारण दोन वर्गात, दोन रुग्णालयात. शरीररचना, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, बाळंतपण सगळं एमडीसारखंच. (तिकडची एमडी ही डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्यासारखी एमबीबीएसनंतरची नव्हे.) २०२०पासून दोन्हींच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाची मान्यता एकाच व्यवस्थेखाली आहे. डीओ झालेले डॉक्टर हृदयाची शस्त्रक्रियाही करतात.

फरक सुमारे दोनशे तासांचा : हातानं तपासणं आणि हातानं उपचार करणं. त्यासाठी पूर्वापार चालत आलेला एक सराव मला फार आवडतो. कागदाखाली एक केस ठेवायचा, डोळे मिटायचे आणि बोटांनी तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद, मग आणखी एक. नंतर वर्गातल्याच सोबत्याला टेबलावर पालथं झोपवून मणक्याच्या दोन्ही बाजू चाचपायच्या. कुठला स्नायू ताठरलाय, श्वास घेताना कुठली बरगडी मागे राहते. जाळी ओढून आणि टोपल्या वाहून कंबर धरलेली माणसं ज्या किनाऱ्यावर घरोघर आहेत, तिथं अशी जाणती बोटं कुठल्याही डॉक्टरला हवीत, असं मला मनापासून वाटतं. कंबरदुखीत या उपचारांचा काही उपयोग होतो, असं अभ्यास सांगतात. कवटीची हाडं हलवून रोग बरे करण्याच्या दाव्याला मात्र भक्कम पुरावा नाही. तोही प्रकार यातच शिकवला जातो, आणि ते मला पटत नाही.

आता खरी गफलत होते ती जागा. इंग्लंडमध्ये ऑस्टिओपॅथ कायद्यानं नोंदणीकृत असतो, पण तेवढ्यानं तो डॉक्टर ठरत नाही. नुसत्या त्या पदवीवर त्याला औषध लिहून देता येत नाही. आपल्याकडे याच नावाचे अभ्यासक्रम बहुतेक फिजिओथेरपिस्ट करतात. ते शिक्षण त्यांच्या कामाला पूरक आहे, कमी दर्जाचं मुळीच नाही, पण ते करून कोणी डॉक्टर होत नाही. आणि आपल्या गावचा हाडवैद्य, जो बांबूच्या कांब्या बांधून मोडलेला हात बसवतो, त्याचं ज्ञान या दोन्हींहून वेगळं, पिढीजात.

म्हणून श्रीवर्धन-मुरुडपासून उरणपर्यंतच्या पालकांना माझं सांगणं आहे. माहितीपत्रकावर ऑस्टिओपथी हा शब्द दिसला की आधी देश पाहा, मग पदवीचं पूर्ण नाव वाचा. मुलाला परत येऊन इथं दवाखाना घालायचा असेल, तर महाविद्यालयाचं आणि पदवीचं नाव देऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लेखी विचारा. शुल्काचा पहिला हप्ता त्यांचं उत्तर हातात आल्यावरच भरा.