संचयन प्रयुक्तींचे प्रवेशनियंत्रण, मेनफ्रेम संगणकातील
मेनफ्रेम संगणकाला जोडलेल्या चुंबकीय फिती, तबकड्या इ. संचयन प्रयुक्तींपर्यंत एखादा कार्यक्रम, प्रचालक वा अन्य संगणक चुकून किंवा अधिकार नसताना पोहोचू नये म्हणून केलेल्या योजनांना प्रवेशनियंत्रण म्हणतात. बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्या नोंदी अशा प्रयुक्तींवर साठविलेल्या असतात व एकाच तबकडीला बहुधा अनेक संगणक जोडलेले असतात. त्यामुळे हेतुपुरस्सर केलेल्या घुसखोरीइतकाच धोका साध्या चुकीपासूनही संभवतो. प्रयुक्तीच्या क्रमांकातील एक अंक चुकला, तरी भलत्याच तबकडीवर लेखन होऊ शकते.

सर्वांत जुनी योजना यांत्रिक होती. फितीच्या रिळाच्या मागील खाचेत प्लॅस्टिकचे कडे बसविल्याशिवाय फीतयंत्र त्या फितीवर लेखन करीत नसे. कडे काढून ठेवले की, फीत केवळ वाचता येई.

आय. बी. एम. कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या संगणकमालेत आदान-प्रदानाच्या आज्ञा देण्याचा अधिकार फक्त पर्यवेक्षक कार्यक्रमाला ठेवण्यात आला. सामान्य कार्यक्रमाने अशी आज्ञा दिल्यास ती नाकारली जाते; त्याला आपली मागणी पर्यवेक्षकाकडेच करावी लागते. तबकडीच्या बाबतीत पर्यवेक्षक प्रत्येक मागणीच्या आरंभी लेखनाची परवानगी आणि वाचन-लेखन शीर्षाच्या हालचालीची मर्यादा ठरवून देतो. पुढील काळात संचिकेने व्यापलेल्या क्षेत्राच्या दोन्ही सीमाही नियंत्रक एककाला कळविल्या जाऊ लागल्या. या सीमांबाहेरची आज्ञा नियंत्रक एकक स्वतःच फेटाळते.

एक तबकडी अनेक संगणकांत सामायिक असल्यास हा बंदोबस्त अपुरा पडतो, कारण एका संगणकाचा पर्यवेक्षक दुसऱ्याच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवू शकत नाही. यासाठी संगणक तबकडी तात्पुरती स्वतःकरिता राखून ठेवू शकतो व तोपर्यंत इतरांना थांबावे लागते. मात्र राखून ठेवणारा संगणकच बंद पडला, तर इतर संगणक खोळंबून राहतात. दोन संगणकांनी एकेक तबकडी राखून परस्परांच्या तबकडीची वाट पाहिल्यास दोघेही अडकतात.

सन १९८८ पासून आय. बी. एम. मेनफ्रेम संगणकाचे अनेक तार्किक विभाग पाडता येऊ लागले. चाचणीचा आणि प्रत्यक्ष व्यवहाराचा असे दोन विभाग एकाच यंत्रात चालू असतात. अशा वेळी कोणती प्रयुक्ती कोणत्या विभागांना उपलब्ध व्हावी, याची यादी यंत्राच्या आदान-प्रदान आराखड्यातच नमूद करता येते. यादीत नसलेल्या विभागाला ती प्रयुक्ती अस्तित्वातच नसल्यासारखी असते. याउलट, प्रचालकाने प्रयुक्ती ‘ऑफलाइन’ केल्यास तिचा परिणाम केवळ त्याच प्रणालीपुरता राहतो. शिवाय ती आज्ञा सहज फिरविता येते. ऑफलाइन दिसणारी तबकडी दुसऱ्या विभागात वापरात असू शकते. ती रिकामी समजून तिची नव्याने आखणी केल्यास तिच्यावरील संचिकांची सूचीच नष्ट होते. म्हणून आखणीपूर्वी तबकडी अन्य कोणत्याही प्रणालीत वापरात नाही, याची खात्री करून घेणे आवश्यक असते.

व्यक्तींच्या अधिकारांची तपासणी रॅकएफ (१९७६) यांसारख्या सुरक्षा आज्ञावली करतात. कोणी कोणती संचिका वाचावी वा बदलावी, हे त्यांच्या नोंदीनुसार ठरते. परंतु ज्या विभागात या नोंदी वेगळ्या किंवा शिथिल आहेत, तेथून तीच तबकडी पोहोचण्यासारखी असेल, तर हे संरक्षण निष्फळ ठरते. संचिका सांकेतिक रूपात ठेवल्यास किल्ली नसणाऱ्यास मजकुराचा अर्थ लागत नाही. मात्र तो मजकूर पुसला जाण्याचा धोका टळत नाही. यामुळे गोपनीयतेसाठी सांकेतिकीकरण, अधिकारांसाठी सुरक्षा आज्ञावली आणि चुकांपासून बचावासाठी आराखड्यातील विलगीकरण या तिन्हींची जोड द्यावी लागते. प्रयुक्ती बदलल्या वा हलविल्या की, त्यांच्या याद्याही तपासून अद्ययावत कराव्या लागतात.