वशिंडाला हाड नसतं

खिल्लार बैलाचा नुसता सांगाडा पाहून त्याला वशिंड होतं हे कुणी सहजासहजी सांगू शकणार नाही. ते सारं स्नायू आणि चरबीचं. त्यात हाड नाहीच. बदकचोच्या डायनासोरांची मान रेखाटणाऱ्यांना नेमकं हेच कोडं सोडवायचं असतं.

टोरांटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियममध्ये पॅरासॉरोलोफस या बदकचोच्या डायनासोराचा एक सांगाडा आहे. डोक्यामागे लांब, पोकळ, नळीसारखा तुरा. 1920 साली कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात हा सांगाडा सापडला आणि 1922 मध्ये विल्यम पार्क्स यांनी या प्राण्याचं नामकरण केलं. या प्राण्यांच्या मानेचे मणके खांद्यापाशी खाली झुकून पुढे वर वळतात. चित्रकार वर्षानुवर्षं त्या वळणालाच चिकटून रेघ ओढत आले, आणि धिप्पाड धडावर हंसाची बारीक मान बसली.

घोड्याचे मणकेही असेच मानेच्या खालच्या अंगानं जातात. त्यांच्या वर कवटीच्या मागून खांद्यावरच्या मणक्यांच्या उंच काट्यांपर्यंत एक लवचिक अस्थिबंध ताणलेला असतो. चरताना खाली गेलेल्या डोक्याचा भार तोच पेलतो. म्हणून जाणता चित्रकार आधी सांगाडा बाजूनं काढतो, मग अस्थिबंधाची रेघ, मग स्नायू, आणि कातडी सगळ्यात शेवटी.

टोरांटोच्या सांगाड्यात खांद्यामागच्या काट्यांमध्ये एक खाच आहे. तुऱ्याचं टोक तिथं टेकत असावं, असा जुना तर्क. फिलिपो बेर्टोझो आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये ती खाच दुखापतीची ठरवली. अंगावर जड काहीतरी, कदाचित झाड, कोसळलं असावं. तेव्हाच त्यांनी मानेचा अस्थिबंधही नव्यानं आखला. मान एकदम भरदार झाली!

कातडीचा पुरावा तर त्याहून बोलका. 1908 मध्ये वायोमिंगमध्ये चार्ल्स स्टर्नबर्ग आणि त्यांच्या मुलांना खवल्यांच्या ठशांसह एडमॉन्टोसॉरस हा आणखी एक बदकचोच्या डायनासोर मिळाला. 2013 मध्ये याच प्राण्याच्या डोक्यावर कोंबड्यासारखा मांसल, बिनहाडाचा तुरा असल्याचं जाहीर झालं. आणि 2025 मध्ये पॉल सेरेनो यांच्या चमूनं वायोमिंगच्याच नमुन्यांवरून मानेवर आणि पाठीवर मांसल कंगोरा, तर शेपटीवर काट्यांची रांग दाखवली. या नमुन्यांमधला हा कंगोरा आणि काटे टिकले ते मिलिमीटरहूनही पातळ अशा चिकणमातीच्या थरात.

मुलांच्या पुस्तकात बदकचोच्या डायनासोरांची मान अजूनही बारीक दिसली, तर ते चित्र जुनं झालं आहे असं समजावं.