आधी ट्रॅक्टर, मग विमान

मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर तुमच्या गावात एखाद्या तरी घरी असेलच. त्यातले ‘फर्ग्युसन’ हे एका माणसाचे आडनाव आहे. हा माणूस ट्रॅक्टरकडे वळण्याआधी विमान बांधत होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८८४ चा. शेतीत मन रमेना म्हणून तो भावाच्या गॅरेजात कामाला गेला, आणि ३१ डिसेंबर १९०९ या दिवशी स्वतः बांधलेल्या विमानातून सुमारे १३० यार्ड उडाला. आयर्लंडच्या भूमीवरून उडालेले ते पहिले विमान. पुढे पहिल्या महायुद्धात धान्याची ओढाताण झाली तेव्हा, १९१७ साली, सरकारने त्याला ट्रॅक्टरांच्या कामावर देखरेख करायला सांगितले. त्या काळचे ट्रॅक्टर नांगर नुसता मागून ओढून नेत. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलायचे आणि तो चालकाच्या अंगावर उलटायचा. आपली बैलगाडी उलाळ होते ना, तसेच, पण जीव घेणारे. यावर फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडायची आणि हायड्रॉलिकने उचलायची युक्ती काढली. आज तुमच्या ट्रॅक्टरच्या मागे जी तीन जोडांची रचना दिसते, ती मुळात त्याची.

तुम्ही म्हणाल, शीर्षक विमानाचे आणि गोष्ट ट्रॅक्टरची का? तर या दोन्हींचा संबंध पुन्हा एकदा आला, आणि तो खेळण्यांच्या दुनियेत आला. लंडनमध्ये एअरफिक्स नावाची एक कंपनी होती. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थाने ती १९३९ साली काढली. वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरायचे यंत्र तिने घेतले आणि त्यावर ती केस विंचरायचे कंगवे काढू लागली. १९४९ साली फर्ग्युसनने तिला आपल्या ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती करून मागितली. विक्रेत्यांनी गावोगाव शेतकऱ्यांना दाखवायला ती हवी होती. प्रतिकृती झाली, पण तिचे भाग हातांनी जोडत बसणे कारखान्याला परवडेना. मग पुढे तेच भाग सुटे ठेवून बाजारात आणले: घरी न्या आणि तुम्हीच जोडा! लोकांना ही कल्पना फार आवडली. १९५३ साली याच कंपनीने पहिले विमान काढले, स्पिटफायर. ते तळहातावर मावेल एवढे होते, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचे. आणि १९७० साली तेच विमान खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढे मोठे करून काढले. या लेखात सांगायचे आहे ते या मोठ्या पेटीबद्दल.

चोविसावा हिस्सा म्हणजे खऱ्या विमानाचा एक फूट इथे अर्धा इंच. खऱ्या स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३६ फूट १० इंच, म्हणजे आपले विमान पंखाला साधारण ४७ सेंटिमीटर आणि लांबीला ३८ सेंटिमीटर. देवघरातल्या पाटापेक्षाही मोठेच. एवढ्या आकारात लपवाछपवीला जागा राहत नाही. लहान विमानात चालकाच्या पुढ्यातली घड्याळे म्हणजे नुसते ठिपके. इथे प्रत्येक घड्याळाची तबकडी दिसते, इंजिनाच्या नळ्या दिसतात, पंखातल्या आठ बंदुका दिसतात.

या विमानाविषयी दोन शब्द. ते रेजिनाल्ड मिचेल या इंग्रज अभियंत्याच्या हाताखाली आखले गेले आणि ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा उडाले. मिचेलला कर्करोग होता. १९३७ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी तो गेला. आपले विमान लढाईत काय करते ते त्याला पाहायला मिळाले नाही. पुढे ही विमाने वीस हजारांवर झाली. त्याचे मर्लिन इंजिन बारा सिलिंडरचे, सुमारे हजार अश्वशक्तीचे. पस्तीस अश्वशक्तीचे तीस ट्रॅक्टर एका जुवाला जुंपले आहेत अशी कल्पना करा, म्हणजे अंदाज येईल.

आता पेटी उघडू. आत विमान नसतेच. प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि झाडाच्या फांदीला फळे लागावीत तसे त्यांना बारीक बारीक भाग लागलेले असतात. सोबत एक पुस्तिका, ओळीने आकडे घातलेली. पहिले काम अगदी घरगुती आहे. या चौकटी कोमट पाण्यात साबणाने धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यांवर राहिलेला असू शकतो, आणि त्यावर रंग धरत नाही. भाग ओढून तोडायचा नाही, पिळायचा तर नाहीच. बारीक पक्कडीने थोडे अंतर राखून कापायचा आणि उरलेले देठ कटरने छाटून कानशीने घासायचे. पिकलेले द्राक्ष देठासकट कात्रीने उतरवतात, तेच इथे.

चिकटवायचे द्रव फेव्हिकॉलसारखे नसते. ते प्लास्टिकला विरघळवते आणि दोन कडा एकमेकांत मिसळतात. द्रव उडून गेले की दोन भागांचा एक भाग झालेला असतो, म्हणून घाई केलेली पुन्हा सुटत नाही. ज्यांना सवय आहे ते प्रत्येक भाग आधी कोरडाच बसवून पाहतात, मग ब्रशच्या टोकाने फटीला थेंब लावतात. वातीत तेल चढावे तसे ते द्रव फटीतून आपोआप धावत जाते. या द्रवाचा वास डोक्यात जातो आणि ते पेटही घेते. दारे-खिडक्या उघड्या ठेवा, आणि चूल किंवा शेगडी पेटलेली असेल त्या खोलीत हे काम करूच नका. औषध फवारताना तुम्ही वाऱ्याची दिशा बघता, तशीच ही खबरदारी. घरात रांगते मूल असेल तर बारीक भाग आणि कटरची पाती झाकणाच्या डब्यात ठेवा.

खरी परीक्षा पुढे आहे. विमानाचे पोट दोन अर्ध्या फाकांचे असते, डावी आणि उजवी. त्या मिटण्याआधी चालकाची खोली आतून पूर्ण करून घ्यावी लागते: आसन, पट्टे, दांडा, घड्याळे, भिंतींचा हिरवट करडा रंग. एकदा फाका मिटल्या की पेवाचे तोंड लिंपल्यासारखे होते, आत हात जात नाही. आणि गंमत अशी की रंगवलेल्यातले निम्मे वरच्या काचेतून दिसतच नाही. इंजिनाचे त्याहून अवघड. त्याचे तुकडे जोडायला, त्याला काळा रंग देऊन नळ्या बसवायला कित्येक संध्याकाळी जातात. मग प्रश्न येतो की वरचे पत्रे लावायचे की उघडे ठेवायचे? पत्रे लावले तर विमानाचे सुंदर निमुळते नाक दिसते, पण इंजिन कायमचे झाकले जाते. उघडे ठेवले तर मेहनत दिसते, पण विमान दुरुस्तीला आल्यासारखे वाटते. माझे मत विचाराल तर एका बाजूचा पत्रा उघडा ठेवावा. काही लोक मात्र इंजिन नीट करून पत्रे पक्के बंद करतात आणि म्हणतात, आत आहे हे आम्हाला माहीत आहे, तेवढे पुरे. ज्या बाईने गोधडीच्या आतल्या थरालासुद्धा नीट टाका घातला असेल, तिला हे लगेच कळेल.

पंख बसवताना गवंड्याची नजर लागते. स्पिटफायरचे पंख सपाट नसतात, ते सहा अंशांनी वर उचललेले असतात. आपल्या मापात टोक मुळापेक्षा दोन सेंटिमीटरच्या थोडे वर. दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या काड्यापेट्या ठेवा, समोरून पाहा, शेपटीच्या उभ्या पात्याला दोऱ्याचा ओळंबा लावा, आणि सगळे जुळले तरच द्रव सोडा. एक पंख पडला तर विमान कायम लंगडे दिसते.

जोडावर फट राहिलीच तर ती भरायची. घर रंगवणारे भिंतीला लांबी भरतात तसे बारीक लुकण भरून, वाळल्यावर पाणी लावून पॉलिश पेपरने घासायचे. नखाला खाच लागेनाशी होईपर्यंत घासायचे. मग अस्तराचा रंग, आणि त्यावर खरा रंग. रंगाचे पातळ तीन हात चांगले, जाड एक हात नको. कारण सोपे आहे: इथला एक दशांश मिलिमीटरचा थर खऱ्या विमानावर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा होईल, शेणाच्या सारवणासारखा! फवारणीचे छोटे यंत्र मिळते. पंपाचा नोझल ज्याने हाताळला आहे त्याला ते शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात मात्र थांबा. हवेत दमट असली की वरच्या रोगणावर पांढरी बुरशी आल्यासारखा डाग येतो.

रंग कोणता? १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर जर्मन विमाने चालून आली तेव्हा स्पिटफायरची पाठ दोन रंगांची होती: गडद हिरवा आणि मातकट तपकिरी. वरून पाहणाऱ्याला विमान खालच्या कुरणांत आणि नांगरटीत मिसळून जावे यासाठी. पोट फिकट हिरवट, आभाळात विरून जाणारे.

इथे एक धागा आपल्या मातीपर्यंत येतो. त्या लढाईत स्पिटफायर उडवणारी ब्रिटिश हवाई दलाची १५२ वी तुकडी होती. तिचे नाव ‘हैदराबाद तुकडी’. निजामाने दिलेल्या देणगीवरून ते नाव पडले. तिच्या बिल्ल्यावर निजामाचे शिरभूषण कोरलेले होते आणि खाली ‘विश्वासू मित्र’ या अर्थाचे इंग्रजी शब्द. इंग्रजांनी निजामाला दिलेली ती पदवीच होती. त्या वेळी सारा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याच्या उत्पन्नात शेतसाऱ्याचा वाटा मोठा होता. विमानांना कोणत्या पेटीतला पैसा गेला याचा हिशेब इथे मांडायचा नाही. पण दक्षिण इंग्लंडमधल्या वॉर्मवेलच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानांशी बीड-परभणीच्या राजाचे नाव जोडलेले होते, हे खरे. त्या उन्हाळ्यात तुकडीचे काही तरुण वैमानिक परत आले नाहीत, हेही खरे. आणि तो पैसा देणाऱ्या राज्याच्या रयतेला तेव्हा स्वतःचे सरकार निवडायची मुभा नव्हती, हे तितकेच खरे.

या तुकडीच्या विमानांच्या कुशीवर ‘यू’ आणि ‘एम’ ही दोन इंग्रजी अक्षरे असत. पेटीत नेमकी हीच अक्षरे मिळतील असे नाही. तेव्हा जाड कागदात अक्षर कोरून, तो कागद विमानावर धरून रंगाने उठवावे लागते. बैलांच्या अंगावर पोळ्याला ठसे उठवतात ना, त्यातलाच प्रकार. बाकीची गोल चिन्हे पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ चित्रांची असतात. ती खरबरीत रंगावर बसवली तर खाली हवा राहून चंदेरी दिसतात. म्हणून आधी चकचकीत रोगण, मग चित्र, आणि शेवटी वरून मंद रोगण, असा क्रम.

आता विमान नवे कोरे दिसते, आणि तेच चुकते. रोज उडणारे विमान नवे कसे असेल? इंजिनाच्या धुराड्यांमागे काजळीचा फराटा हवा. पंखाच्या मुळाशी जिथे माणसे पाय देऊन चढतात, तिथे रंग उडून धातू दिसायला हवा. हे किती करायचे याला हात आवरावा लागतो. तुमच्या ट्रॅक्टरकडे जाऊन पाहा: रंग कुठे उडाला आहे? पायरीवर, गिअरच्या दांड्यावर, बॉनेटच्या कडेला. सगळीकडे नाही.

शेवटचे काम आकाशवाणीच्या तारेचे. चालकाच्या मागच्या खांबापासून शेपटीपर्यंत ही तार काही विमानांना होती, काहींची त्याच वर्षी काढली गेली. म्हणून आपण करतो त्या विमानाचा जुना फोटो पाहून ठरवायचे. तार विकत आणावी लागत नाही. उरलेल्या चौकटीची काडी मेणबत्तीपासून वर धरून, फिरवत मऊ करायची आणि दोन्ही हातांनी हळूच ओढायची. केसासारखा बारीक धागा निघतो. हे काम मुलांना फार आवडते, पण मेणबत्तीपाशी मोठ्यांनी बसावे.

पोरांनी दिवाळीत किल्ला केला असेल किंवा पोळ्याला मातीचे बैल, तर त्यांची बोटे या कामाला तयार आहेत. तरी सुरुवात या मोठ्या पेटीने करू नये. तिला काही हजार रुपये पडतात आणि तीन-चार महिन्यांच्या संध्याकाळी जातात. आधी बहात्तराव्या हिश्शाचे एखादे छोटे विमान करावे. ते पुष्कळ स्वस्त असते आणि बिघडले तर जीव हळहळत नाही.

तयार झालेले विमान उन्हात ठेवू नका, प्लास्टिक वाकडे होते. पत्र्याखालच्या फळीवरही नको, उन्हाळ्यात तिथे फार तापते. धूळ कपड्याने पुसली तर तार तुटते, म्हणून मऊ कोरड्या ब्रशने झटकावी. काचेची पेटी करता आली तर उत्तम, आणि तिला खालून भोक ठेवू नये, मुंग्या आणि झुरळे आत शिरतात.